शेततळ्यात शेवाळ परत परत येतं आणि औषध टाकलं की मासे मरतात: नेमकं कुठे बिघडतं ते कसं शोधायचं

उन्हं तापायला लागली की ही तक्रार दरवर्षी कानावर येते. तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय, ड्रिपचा फिल्टर सारखा चोक होतोय, कडेने शेवाळाचे पुंजके तरंगतायत. दुकानातून मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) नाहीतर एखादं तणनाशक आणून टाकलं जातं. चार दिवस पाणी निवळल्यासारखं दिसतं आणि मग एका पहाटे रोहू-कटला पोट वर करून तरंगताना सापडतात. महिनाभरात शेवाळ पुन्हा पहिल्यासारखं होतं. पुढच्या वर्षी डोस वाढतो, मासे आणखी मरतात, शेवाळ मात्र येतंच.

अशा तळ्यांवर गेलं की बहुतेक ठिकाणी तेच आढळतं. वाढलंय काय ते कुणी नीट पाहिलेलं नसतं, तळ्यात पाणी किती आहे ते मोजलेलं नसतं, आणि शेवाळाला खाद्य कुठून मिळतंय याचा शोध घेतलेला नसतो. औषध कुठलं टाकायचं हा प्रश्न या तिन्हींनंतरचा आहे. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

आत्ता या क्षणी मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर

बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. तळ्यातलं वरच्या थरातलं पाणी मोटरने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यातच पाडा. तळाशी असलेला फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) वापरून खालचं पाणी वर फेकू नका, कारण तळच्या पाण्यात प्राणवायू आधीच संपलेला असतो. विहीर किंवा बोअरचं ताजं पाणी उपलब्ध असेल तर तेही उंचावरूनच सोडा. खाद्य पूर्ण बंद. आणि कुठलंही दुसरं औषध "उतारा" म्हणून टाकू नका. मासे मरताना पाहून जीव कासावीस होतो आणि दुकानदार काहीतरी हातात देतोच, पण त्या वेळी पाण्यात पडलेली प्रत्येक गोष्ट प्राणवायूवर आणखी ताण आणते.

विषाचा संशय असेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत पाण्याचा नमुना लगेच भरून ठेवा. नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा बर्फात ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या कुजलेल्या माशावरून कुणालाच काही सांगता येत नाही. मेलेले मासे विकायला किंवा खायला काढू नका. ते पाण्यापासून लांब, चुना टाकून पुरा.

विषाने मेले की श्वास कोंडून मेले?

हा फरक ओळखता आला की अर्धं निदान होतं. माझ्या मते औषध टाकल्यानंतर होणाऱ्या मरतुकीत औषधाच्या विषापेक्षा प्राणवायू संपल्याचा वाटा अनेकदा मोठा असतो.

पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र आपल्यासारखाच तो वापरतात. म्हणून तळ्यातला प्राणवायू उजाडण्याच्या थोडा आधी सर्वांत कमी असतो. त्यातच तुम्ही सगळं शेवाळ एकदम मारलं तर दिवसा प्राणवायू तयार करणारं कुणी उरत नाही, आणि मेलेला सगळा पाला कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतो. शिवाय पाणी जितकं तापलेलं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, ३० अंशांना साधारण साडेसात. एप्रिल-मे महिन्यात, पाणी कमी असताना औषध टाकणं म्हणजे सगळ्यात वाईट वेळ गाठणं, आणि नेमकं तेव्हाच ते टाकलं जातं.

प्राणवायू संपल्याची लक्षणं अशी: मरतूक पहाटे होते, औषध टाकल्यानंतर लगेच नव्हे तर दोन-चार दिवसांनी. आधी मोठे मासे मरतात, कारण त्यांना प्राणवायू जास्त लागतो. मरण्याआधी मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळत असतात. पाण्याला कुजका वास येतो, रंग हिरव्याचा तपकिरी-काळपट होतो.

विषाची लक्षणं वेगळी. मरतूक दिवसाच्या कुठल्याही वेळी होते, दुपारी उन्हातसुद्धा. लहान पिल्लं आधी जातात किंवा लहान-मोठे सगळे एकदम जातात. मासे गोल गोल फिरतात, उड्या मारतात, तिरके पोहतात. आणि माशांबरोबर पाण्यातले किडे, कोळंबी, बेडकांची पिल्लंही मेलेली दिसतात. एवढं पाहून ठेवलंत तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्यविभागाच्या कार्यालयात विचारायला जाताना तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

तळ्यात वाढलंय ते काय?

"शेवाळ" या एका नावाखाली आपण चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतो, आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

एक काठी पाण्यात फिरवून बाहेर काढा. काठीला हिरवे धागे लोंबत आले तर ते तंतूचं शेवाळ. हे आधी तळाला आणि कडेला वाढतं, मग बुडबुडे अडकून वर येतं. दाताळ्याने, जुन्या मच्छरदाणीने किंवा शेडनेटच्या तुकड्याने ओढून काढता येतं आणि छोट्या तळ्यात हाच उपाय मला सर्वांत बरा वाटतो.

काठीला काहीच लागलं नाही आणि पाणी नुसतं हिरवं असेल तर ते सूक्ष्म शेवाळ. मासे पाळत असाल तर थोडं हिरवं पाणी हवंच असतं. ते माशांचं आणि माशांच्या खाद्याचं अन्न आहे. पाण्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर बोटं दिसत असतील तर काहीही करू नका.

वाऱ्याच्या दिशेच्या काठावर निळसर-हिरवा रंग सांडल्यासारखा थर साचत असेल आणि उग्र वास येत असेल तर सावध व्हा. ते नील-हरित शेवाळ असू शकतं. त्याच्या काही जाती जनावरांना आणि माणसांना बाधणारं विष तयार करतात. हे विष बरंचसं पेशीच्या आत असतं, त्यामुळे मोरचूद टाकून पेशी फोडल्या की ते पाण्यात मोकळं होतं. अशा तळ्यावर गुरं पाण्याला नेऊ नका, मुलांना उतरू देऊ नका, आणि स्वतःच्या मनाने औषध तर मुळीच टाकू नका.

उरल्या त्या खऱ्या पाणवनस्पती. तरंगणारी जलपर्णी, पाण्याखाली वाढणारी हायड्रिला, काठावरचं पाणकणीस. यांना मोरचुदाच्या शेवाळी डोसाने काही होत नाही, मासे मात्र ताणाखाली येतात.

फक्त ड्रिपचा त्रास असेल तर तळ्याला हात लावू नका

तळ्यात मासे असताना केवळ लॅटरल (ड्रिपच्या बारीक नळ्या) चोक होतात म्हणून सगळ्या पाण्याला औषध टाकलं जातं, हे मला फार खटकतं. लाखो लिटर पाण्यावर उपचार करण्याऐवजी पाइपातून जाणाऱ्या पाण्यावर करा. फुटव्हॉल्व्ह तळाला किंवा पृष्ठभागाला न ठेवता तरंगत्या ड्रमला बांधून पाण्याखाली दीड-दोन फुटांवर लटकवा. तिथे गाळही कमी, शेवाळही कमी. सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) नियमित करा. आणि गरज पडली तर क्लोरीन फिल्टरच्या सुरुवातीला इतकंच सोडा की शेवटच्या लॅटरलच्या टोकाला ते लिटरमध्ये १ ते २ मिलिग्रॅम उरेल.

इथे एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. ड्रिपला आपण ॲसिड ट्रीटमेंटही देतो. ॲसिड आणि क्लोरीनचं द्रावण एका टाकीत, एका बादलीत किंवा एकापाठोपाठ न धुतलेल्या डब्यात कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसं जाळतो. अमोनियायुक्त खतांबरोबरही क्लोरीन सोडू नका.

पाणी किती आहे? इथेच सगळ्यात जास्त चुकतं

कागदावर तळं ३० × ३० × ३ मीटरचं असतं. शेतकरी गुणाकार करतो: २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. दुकानदारही त्याच आकड्यावर डोस काढून देतो. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, उताराच्या असतात. १ मीटर खोलीला दीड मीटर उतार धरला तर ३ मीटर खाली तळ उरतो २१ × २१ मीटरचा. काठोकाठ भरलेल्या अशा तळ्यात खरं पाणी भरतं सुमारे १,९७० घनमीटर.

हे झालं भरलेलं तळं. उन्हाळ्यात त्यात दीडच मीटर पाणी उरलं असेल तर पाण्याचा पृष्ठभाग असतो साडेपंचवीस मीटरचा चौरस, आणि पाणी असतं फक्त ८१३ घनमीटरच्या आसपास. २,७०० चा डोस ८१३ घनमीटरला पडला की तो सव्वातीन पटींपेक्षा जास्त होतो. औषध बरोबर होतं, पॅक बरोबर होता, दुकानदारानेही फसवलं नव्हतं, आणि तरी सगळे मासे गेले, अशा कितीतरी घटनांचं उत्तर या एका गुणाकारात सापडेल.

स्वतः काढायचं तर सोपं आहे. आजच्या पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी-रुंदी टेपने मोजा आणि त्याचं क्षेत्रफळ काढा. तळाचं क्षेत्रफळ तळं खोदतानाच्या मापावरून घ्या. या दोन्हींचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा. मग पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि हे वर्गमूळ अशी तिघांची बेरीज करा, तिला ३ ने भागा आणि पाण्याच्या खोलीने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. खोली मोजायला दोरीला दगड बांधून सोडा. दोन-चार ठिकाणी सोडा, कारण गाळ सगळीकडे सारखा बसलेला नसतो. आलेल्या घनमीटरला एवढं लक्षात ठेवा: लिटरमध्ये १ मिलिग्रॅम हवं असेल तर दर घनमीटरला १ ग्रॅम लागतं.

मोजायला जाताना एकटे जाऊ नका. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्याच्या बाजू शेवाळामुळे साबणासारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. पाय घसरला तर पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. काठावर पक्क्या खुंटाला बांधलेला, गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला हवा, एक हवा भरलेली ट्यूब हवी, आणि काठावर दुसरा माणूस हवा. हा नियम औषधाच्या सगळ्या नियमांच्या आधीचा आहे.

मोरचूद वापरायचंच असेल तर

मोरचुदाचा डोस पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी, नुसता खारटपणा नव्हे) ठरतो, पाण्याच्या रंगावर नाही. ज्या पाण्याची क्षारता कमी, त्यात तांबं विरघळलेलं राहतं आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. क्षारता जास्त असेल तर तांबं लगेच गाळात बसतं आणि शेवाळाला काहीच होत नाही. म्हणून शेजारच्या तळ्यावर चाललेला डोस तुमच्या तळ्यात जीवघेणा ठरू शकतो. पावसाच्या पाण्याने भरलेलं प्लॅस्टिकचं तळं आणि बोअरच्या जड पाण्याने भरलेलं तळं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून एकूण क्षारता काढून घ्या. हा आकडा लिटरमध्ये मिलिग्रॅम असा मिळतो. ५० च्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद वापरू नका. २५० च्या वर असेल तर पैसे वाया जातील. मधल्या पाण्यात मत्स्यशेतीतला सर्वमान्य हिशोब असा की क्षारतेला १०० ने भागायचं, येईल तेवढे मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. क्षारता १२० असेल तर १.२. आपल्या वरच्या ८१३ घनमीटर पाण्याला हे होतं सुमारे ९७५ ग्रॅम, किलोभरही नाही. २,७०० चा हिशोब धरला असता तर सव्वातीन किलो पडलं असतं.

तेही एकदम टाकायचं नाही. तळ्याच्या एक तृतीयांश भागावर, जिथे शेवाळ दाट आहे तिथे, एक तृतीयांश डोस. मग १० ते १४ दिवस थांबा, मेलेला पाला शक्य तेवढा ओढून बाहेर काढा, मासे ठीक आहेत ना ते पाहा आणि मग पुढचा भाग. स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी सकाळी करा. ढगाळ दिवशी नाही आणि संध्याकाळी तर नाहीच, कारण पुढे अख्खी रात्र असते. खडे तसेच फेकू नका. ते तळाला जाऊन गाळात बसतात आणि तांबं विघटन होऊन नाहीसं होत नाही, वर्षानुवर्षं साचत जातं. प्लॅस्टिकच्या बादलीत पूर्ण विरघळवा, धातूची बादली नको. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा. मोरचुदाचं पाणी डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. तळ्यात कोळंबी असेल तर मोरचुदाचा विचारच सोडून द्या.

आणि लक्षात घ्या, मोरचूद शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांनाही मारतं. शेवाळ परत येतं तेव्हा त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणूनच ते दुसऱ्यांदा जास्त जोमाने आल्यासारखं वाटतं.

तणनाशकं

ग्लायफोसेट पानातून आत जातं. पाण्यात ओतलं तर पाण्याखालच्या हायड्रिलावर किंवा शेवाळावर त्याचा उपयोग होत नाही. उलट काही ग्लायफोसेट औषधांत पानाला चिकटण्यासाठी घातलेला साबणासारखा घटक मूळ औषधापेक्षाही मासे आणि बेडकांना जास्त घातक असतो. शिवाय केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याचं बंधन घातलं.

२,४-डी बद्दल द्राक्ष आणि कापूस उत्पादकांना वेगळं सांगायची गरज नाही, पण तळ्याच्या बाबतीत ही जाणीव राहत नाही. या दोन्ही पिकांना २,४-डीचा अंशही सहन होत नाही. जलपर्णीवर मारलेलं औषध तळ्याच्या पाण्यात उतरलं आणि तेच पाणी ड्रिपने बागेला गेलं तर शेंड्याची पानं आकसतात, शिरा जवळ येतात, आणि शेतकरी आठवडाभर व्हायरसच्या औषधाच्या मागे धावतो. २,४-डीचे एस्टर प्रकार माशांना अमाइन क्षारांपेक्षा जास्त घातक असतात, तेव्हा पॅकवरचं पूर्ण नाव वाचा.

मुळात कुठलंही औषध उचलण्याआधी पॅकमधली घडीची पत्रिका उघडा. ते कुठल्या पिकावर आणि कुठे वापरायचं हे तिथे लिहिलेलं असतं. पाणवनस्पती किंवा तळं असा उल्लेख नसेल तर ते औषध पाण्यासाठी नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. पाणी पिण्यासाठी, जनावरांसाठी, सिंचनासाठी किती दिवस वापरायचं नाही हेही तिथेच शोधा.

आणि डब्यावरच्या रंगीत चौकोनावर विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतात. माशांबद्दल ते काहीच सांगत नाहीत. निळ्या किंवा पिवळ्या खुणेचं औषध माशांसाठी लालहूनही वाईट असू शकतं.

"मी तर तळ्यात काहीच टाकलं नाही, तरी मासे मेले"

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आपण भाजीपाल्यावर, कापसावर सर्रास फवारतो. माशांना ती किती कमी प्रमाणात मारतात त्याचा अंदाज यावा म्हणून हिशोब देतो. २५ टक्के सायपरमेथ्रीनच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम मूळ विष असतं. ती आपल्या ८१३ घनमीटर पाण्यात सांडली तर लिटरमागे साधारण ३१ मायक्रोग्रॅम होतात. स्वच्छ पाण्यात बऱ्याच जातींचे मासे १० मायक्रोग्रॅमच्या आतच दगावतात. गढूळ पाण्यात काही भाग मातीला चिकटतो, तरीही धोका किती मोठा आहे ते कळेल.

मग हे तळ्यात येतं कुठून? माझा पहिला संशय नेहमी पाइपवर असतो. फवारणीची टाकी तळ्याच्या पाण्याने भरताना नळीचं तोंड औषधाच्या द्रावणात बुडालेलं असतं. तेवढ्यात लाइट जाते, मोटर बंद पडते, आणि टाकीतलं पाणी उलट तळ्यात ओढलं जातं. व्हेंचुरीतून (ड्रिपच्या पाण्यात खत-औषध ओढून घेणारं उपकरण) हुमणीचं किंवा वाळवीचं औषध सोडतानाही असंच होतं. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर, हवेत राहील असं बांधा. मेन लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला हवा आणि तो चालू आहे ना हे हंगामाच्या सुरुवातीला तपासलेलं हवं. औषध कालवण्याची जागा तळ्यापासून, विहिरीपासून लांब, आणि जमिनीचा उतार तळ्याकडे नसलेली निवडा.

दुसरा संशय पंप धुण्यावर. दिवसभर फवारून दमलेला माणूस ओढ्यात किंवा पाटात पंप बुडवून धुतो. ते खालच्या कुणाच्या तरी तळ्यात जातं. पंप आणि रिकामे डबे तीनदा खंगाळा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून टाका. डब्याला भोकं पाडा, म्हणजे त्यात कुणी पाणी भरणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये धुवण आणि रिकाम्या वेष्टनांमुळे पाणी दूषित होणार नाही अशी विल्हेवाट लावण्याची तरतूद आहे.

तिसरा वारा आणि पाऊस. वारा तळ्याच्या दिशेने असेल तर त्या बाजूच्या ओळी सोडून द्या. आभाळ भरून आलं असेल तर फवारणी पुढे ढकला.

मग शेवाळ परत का येतं?

कारण त्याचं खाद्य येणं थांबलेलं नसतं. शेतातून वाहून येणारं डीएपी, गोठ्याचं पाणी, माशांना घातलेलं आणि न खाल्लेलं खाद्य, कोंबडखत, आणि मागच्या वेळी औषधाने मारून तळाला बसलेलं शेवाळ. शेवटचं सगळ्यात दुर्लक्षित. मारलेलं शेवाळ कुजतं, त्यातला स्फुरद परत पाण्यात येतो आणि पुढच्या शेवाळाला तयार जेवण मिळतं. बाहेर ओढून काढलेलं शेवाळ मात्र तेवढा स्फुरद सोबत घेऊन जातं. म्हणून काढलेला पाला काठावर टाकू नका. पहिल्याच पावसात तो परत आत येईल. दूर नेऊन कंपोस्ट करा.

पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा असेल तर तो पावसाळ्याआधी उपसा, नसेल तर खोदा. त्याच्या वरच्या बाजूला गवताचा पट्टा राहू द्या. गोठ्याची नाली दुसरीकडे वळवा. माशांना अर्ध्या-पाऊण तासात संपेल तेवढंच खाद्य द्या. पाण्याखालच्या मऊ वनस्पतींसाठी गवत्या मासा (ग्रास कार्प) चांगलं काम करतो, मात्र बंदिस्त तळ्यातच. जलपर्णी मात्र त्याला फारशी आवडत नाही. पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापलं तर कंदाला हवा मिळत नाही आणि ते सडतं, औषधाची गरज पडत नाही.

मासे सोडण्याआधी जुने नको असलेले मासे काढायला काही जण कीटकनाशक टाकतात. त्यासाठी मोहाची पेंड आहे. एक हेक्टर तळ्याला मीटरभर खोलीसाठी २,५०० किलो हे मत्स्यशेतीतलं प्रचलित प्रमाण. दोन-तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा उतरतो आणि पुढे तिचं खत होतं. कीटकनाशकाचे अंश गाळात किती काळ राहतील याची खात्री कुणी देत नाही.

जलपर्णीला वेगळी चिकाटी लागते. अनुकूल हवेत तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो, तुटलेला तुकडा परत फुटतो, आणि बी गाळात अनेक वर्षं जिवंत राहतं. म्हणून जांभळी फुलं येण्याआधी काढायची, उन्हाळ्यात पाणी कमी असताना मुळासकट काढायची, आणि नंतर दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारून नवी रोपं उपटायची. पहिल्या दिवशी जेसीबी लावून नंतर वर्षभर न फिरकणं हा पैशाचा नाश आहे.

नाला, नदी, गावतळं

वर लिहिलेलं सगळं तुमच्या स्वतःच्या, बाहेर पाणी न जाणाऱ्या तळ्याबद्दल आहे. ज्या तळ्याचा सांडवा ओढ्याला मिळतो त्यात पाणी सांडव्यावरून वाहत असताना काहीही टाकू नका. आणि नाला, नदी, पाट, गावतळं यांत स्वतःहून औषध टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ च्या कलम २४ नुसार ओढ्यात किंवा विहिरीत जाणूनबुजून विषारी पदार्थ जाऊ द्यायला मनाई आहे. पाण्यात विष कालवून मासे मारायला तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. तरी पावसाळा संपल्यावर डोहात कीटकनाशक ओतून मासे धरण्याचे प्रकार होतात. ते मासे बाजारात विकले जातात आणि त्याच डोहाचं पाणी खालच्या वस्तीच्या नळाला जातं. हे पाहून गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं.

पुण्याची मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा, उजनीचा फुगवटा, इथली जलपर्णी सांडपाण्यावर पोसलेली आहे. तिथे फवारणीची मागणी दरवर्षी होते, पण वाहत्या, पिण्याच्या आणि मासेमारीच्या पाण्यावर तणनाशक मारून सांडपाणी थांबत नाही. मोठ्या साचलेल्या पाण्यासाठी निओकेटिना जातीचे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले. ते फक्त जलपर्णी खातात, मात्र त्यांना दोन-तीन वर्षं द्यावी लागतात आणि मधे कुणी फवारणी केली तर तेही उपाशी मरतात. ग्रामपंचायतीला काही करायचं असेल तर त्यांनी आधी कृषी विज्ञान केंद्र आणि मत्स्यविभागाशी बोलावं, तळ्याच्या वरच्या बाजूची गटारं कुठे मिळतात ते चालत जाऊन पाहावं, आणि काढणीची वेळ मार्च ते मेच्या दरम्यान धरावी.

ओढ्यात किंवा नदीत अचानक मासे मेलेले दिसले तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या जिल्ह्यासाठीच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. पाण्याचे नमुने दोन ठिकाणचे घ्या, मरतूक सुरू होते तिथला एक आणि त्याच्या वरच्या बाजूला मासे जिवंत असतील तिथला एक. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा आणि बाटल्या बर्फात ठेवा. वरच्या बाजूच्या नमुन्याशिवाय विष कुठून शिरलं ते ठरवता येत नाही.